सेल्फ मारला की नुसतं टक टक टक, नवीन बॅटरी टाकूनही परत तेच

चावी फिरवली की टक टक टक टक, इंजिन जागचं हलत नाही, आणि दहा मिनिटांनी तीच गाडी काही झालंच नाही अशी चालू होते. हा त्रास मी जानेवारी ते मे असा पाच महिने काढला, त्यात एक बॅटरी बदलली, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) उघडून झाला, आणि शेवटी निघाली काय तर एक हातभर लांब वायर. त्यामुळे जे कोणी आत्ता बॅटरीवाल्याला फोन लावायच्या बेतात असतील त्यांनी पाच मिनिटं थांबून हे वाचा, कदाचित चार-साडेचार हजार वाचतील.

गाडी अकरा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, गिअरवाली. आम्ही राहतो बडोद्यात, अकोट्याला, आणि ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्रीने काय केलं ते बडोदेकरांना सांगायची गरज नाही, ३५ फुटांच्या वर गेली होती नदी. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधे गाडी अर्ध्या चाकापर्यंत दीड दिवस पाण्यात उभी होती. विश्वामित्रीतली मगर आत आली नाही एवढंच नशीब. पाणी उतरल्यावर गाडी मी चालू केली नाही, तशीच टो करून गॅरेजला नेली, त्यांनी ऑइल बदललं, सीटखालचं कार्पेट काढून वाळवलं, आणि गणपतीत गाडी परत रस्त्यावर. तेव्हा सगळं मस्त चालत होतं म्हणून नंतरच्या त्रासाचा आणि पुराचा संबंध माझ्या डोक्यातच आला नाही, आणि खरी चूक तिथेच झाली.

पहिल्यांदा झालं उत्तरायणला. दांडिया बाजारला आत्याकडे गच्चीवर जायचं होतं, मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर तिळगुळाचा डबा, पायाशी उंधियूचं पातेलं, आणि मी चावी फिरवतोय तर टक टक टक. शेजारच्या काकांनी वरूनच पतंगाची ढील देत देत निदान केलं, "बेटरी गई छे, नवी नाखी दो." बॅटरी सव्वातीन वर्षं जुनी होतीच म्हणून मलाही ते पटलं. धक्का मारून गाडी चालू केली, दुसऱ्या दिवशी बॅटरीवाल्याने मीटर लावून वीक आहे सांगितलं, जुनी देऊन नवीन ३५ एएचची टाकली.

महिनाभर बरं चाललं. मग फेब्रुवारीत कीर्तिस्तंभाजवळ शेव-उसळ खाऊन बाहेर आलो, परत टक टक टक. बायको म्हणाली "अहो, नवीन घातली ना बॅटरी?" तर काय बोलणार. गॅरेजवाल्याने टर्मिनल घासून टाइट करून दिले, पंधरा दिवस ठीक. मार्चमधे परत. तेव्हा दुसऱ्या एकाने सांगितलं सेल्फचे कार्बन ब्रश गेलेत, सेल्फ उघडला, ब्रश टाकले, अठराशे रुपये. एप्रिलमधे परत. दर वेळी कोणी ना कोणी हात लावला की थोडे दिवस ठीक, मग परत तेच. आता कळतंय की दर वेळी वायरी हलत होत्या म्हणून तेवढ्यापुरतं बरं वाटत होतं.

आता मुद्द्यावर. आवाज नीट ऐका, कारण टकटकीचेही प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं.

भरभर टक टक टक टक, शिलाई मशीनसारखं, असेल तर सेल्फला करंट पुरत नाहीये. हे कसं होतं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. सेल्फच्या डोक्यावर सोलेनॉइड असतो, चावी फिरवली की त्याच्यातला लोखंडी दट्ट्या आत खेचला जातो आणि मोटरची जाड लाइन जोडली जाते, ती जोडल्याबरोबर मोटर शंभर-सव्वाशे अँपिअर मागते, तेवढा करंट द्यायची ताकद मागे नसेल तर व्होल्टेज धाडकन पडतं, दट्ट्याला धरून ठेवायला जोर राहत नाही, तो सुटतो, सुटला की व्होल्टेज परत वर, परत खेचला जातो, परत सुटतो. म्हणून टकटकटक. ताकद कमी पडायचं कारण बॅटरी असू शकतं, टर्मिनल असू शकतं, किंवा मधली कुठलीही वायर, जायच्या बाजूची (पॉझिटिव्ह) किंवा यायच्या बाजूची (निगेटिव्ह, म्हणजे अर्थिंग). यायच्या बाजूचा विचार कोणी करत नाही.

एकच दणकट टक् येऊन शांत होत असेल तर सोलेनॉइड खेचला जातोय पण मोटर फिरत नाहीये. त्यात सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे पॉइंट जळलेले असतात, किंवा ब्रश संपलेले, किंवा मोटर अडकलेली. इथे जुन्या लोकांची युक्ती चालते, कोणीतरी चावी धरून ठेवायची आणि दुसऱ्याने सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या मागच्या बाजूने हलकेच दोन ठोके द्यायचे, चालू झाली तर सेल्फच उघडायला लागणार हे नक्की. ठोके हलके द्या, आणि गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावून.

पण पुराच्या पाण्यात, किंवा पावसात अंडरपासमधे गाडी बंद पडली आणि मग एकच टक् किंवा ठक् येऊन इंजिन अडकल्यासारखं वाटलं तर सेल्फ अजिबात मारू नका. सिलिंडरमधे पाणी गेलेलं असू शकतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग इंजिनचंच काम निघतं. आधी स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, मग पुढचं.

आणि टक पण येत नाही, पूर्ण शांतता, तर ती वेगळी गोष्ट आहे, फ्यूज, रिले, चावीचा स्विच, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) मधे नाही, काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. त्यात मी शिरत नाही.

माझी टकटक भरभरवाली होती. मे महिन्यात एका रविवारी, बाहेर ४२ डिग्री, मी ठरवलं की आता कोणाकडे न्यायची नाही, आधी स्वतः बघायचं. साडेतीनशेचा मल्टीमीटर आणला होता.

सगळ्यात आधी जे करायला मीटर पण लागत नाही ते. हेडलाइट लावा, समोर भिंत असेल तर उत्तम, आणि सेल्फ मारताना लाइटकडे बघा. टकटक होताना लाइट एकदम पिवळा पडून मरायला आला तर बॅटरी उतरलीये किंवा बॅटरीचे टर्मिनल खराब आहेत. माझ्याकडे काय झालं, सेल्फ टकटकतोय आणि भिंतीवरचा उजेड जवळपास तसाच, नुसता थोडासा थरथरतोय. हे मी फेब्रुवारीतच बघितलं असतं तर सेल्फ उघडायची वेळ आली नसती! लाइट चांगला म्हणजे बॅटरीत दम आहे, तो दम सेल्फपर्यंत पोचत नाहीये.

तरी टर्मिनल बघून घ्याच. हाताने पिळून हलतंय का बघा, हललं तर तिथेच निम्म्या लोकांची केस मिटते. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ओता, फसफसेल, मग ब्रशने आतून बाहेरून चकचकीत करा, बसवून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा हात. काढताना निगेटिव्ह आधी आणि लावताना निगेटिव्ह शेवटी, कारण पॉझिटिव्ह खोलताना पाना चुकून बॉडीला लागला आणि निगेटिव्ह जोडलेलं असेल तर ठिणगी अशी उडते की पाना चिकटून बसतो. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, तिथे ठिणगी नको.

मग मीटर. डीसी २० व्होल्टवर ठेवून, गाडी रात्रभर उभी असताना सकाळी बॅटरीवर लावला, १२.६ आला. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर आधी चार्ज करा, बाकी काही तपासण्यात अर्थ नाही. नंतर मुलाला सीटवर बसवून सेल्फ मारायला लावला, टकटक होत असताना बॅटरीवर ११.५ च्या आसपास. बॅटरी वीक असती तर हा आकडा ९.६ च्या खाली कोसळला असता. बॅटरी सुटली, निर्दोष.

आता जी टेस्ट कोणी करत नाही ती. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, क्लॅंपवर नाही, मधल्या शिशाच्या खुंटावरच. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग किंवा तेलकट थर नसेल तिथे टोचून. दोन्ही निगेटिव्हच, म्हणजे मीटरवर काहीच यायला नको. नुसतं उभं असताना शून्यच आला. मग मुलाला म्हटलं मार सेल्फ, आणि मीटर ३ ते ५ च्या मधे नाचायला लागला. चांगल्या गाडीत हा आकडा ०.२ च्या आत असतो. म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टमधले चार-पाच व्होल्ट इंजिनपासून बॅटरीपर्यंत परत यायच्या वाटेतच खर्च होत होते, सेल्फ बिचारा उरलेल्यावर काय करणार.

याच्यामागचं गणित शाळेतलंच आहे. वाटेत ०.०५ ओहम एवढासा अडथळा असेल, जो साध्या मीटरच्या ओहम रेंजवर धड दिसत पण नाही, तर शंभर अँपिअरला पाच व्होल्ट गेले. तोच अडथळा हेडलाइटच्या दहा अँपिअरला लागला तर अर्धा व्होल्ट, डोळ्याला कळणार पण नाही. म्हणून लाइट, हॉर्न, काचा, टेप सगळं व्यवस्थित आणि फक्त सेल्फ रडतो. त्यात माझ्या गाडीत निगेटिव्हपासून दोन वायरी निघतात, एक बारीक बॉडीला आणि एक जाड खाली गिअरबॉक्सला, हेडलाइट बॉडीवाल्या वायरीवर चालतात, त्यामुळे त्यांना तर काही फरकच नव्हता. पॉझिटिव्हच्या बाजूने पण हीच टेस्ट करून घ्या, बॅटरीचा पॉझिटिव्ह खुंट आणि सेल्फवरचा जाड वायरीचा बोल्ट, तिथे सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपर्यंत चालून जातं.

पक्कं करायला जंपर केबल काढली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन उचलायचं जे हुक असतं त्याला, म्हणजे खराब वायरीला समांतर दुसरी वाट करून दिली. पॉझिटिव्हला चुकूनही लावू नका, आणि लावताना पट्ट्यापासून, पंख्यापासून केबल लांब ठेवा. मुलाने चावी फिरवली आणि गाडी अर्ध्या सेकंदात चालू! पाच महिन्यांत एवढ्या झटक्यात कधी झाली नव्हती. केबल काढून परत बघितलं, टक टक टक. लावली, चालू. हे मी चार वेळा केलं, खरं सांगायचं तर शेवटच्या दोन वेळा नुसती मजा म्हणून.

तेवढ्यात दुसरी गोष्ट लक्षात आली. फेब्रुवारीपासून क्लच जड झाला होता, गॅरेजवाला म्हणाला होता जुनी गाडी आहे, केबल घासते, तेल सोडतो. आता टकटक होत असताना क्लच केबलला हात लावला तर कोमट. ज्यांच्या गाडीत क्लच तारेवर चालतो त्यांनी हे नीट वाचा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला बॉडीशी जोडणारी चांगली वाट म्हणजे ती जाड अर्थिंगची वायर. ती मेली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत गेलेली लोखंडी तार म्हणजे क्लच केबल. सेल्फ मारला की तिच्यातून करंट जातो, ती तापते, आतली प्लॅस्टिकची नळी मऊ होऊन तारेला चिकटते. जड क्लच आणि टकटक, दोन वेगळे आजार नव्हतेच, एकच होता.

संध्याकाळी गाडी मकरपुऱ्याच्या बाजूला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली, म्हातारे काका, लुंगी, डोक्यावर टॉर्च. मी मीटरचे आकडे सांगायला लागलो तर त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, खाली वाकून वायर दोन बोटांत धरून मुरगाळली आणि म्हणाले, "साहेब, आने अर्थिंग ज नथी मळतुं," म्हणजे याला अर्थिंगच मिळत नाहीये. वायर काढली. बाहेरून काळं रबर अगदी धड, थिंबल (वायरीच्या टोकाची बोल्टला लावायची धातूची कडी) पण वरून ठीक दिसत होतं. त्यांनी थिंबलपासून तीन बोटं वर कटरने चीर दिली, तर आत तांब्याच्या तारांऐवजी हिरवी भुकटी, शेवाळासारखी, झटकली तर वर्तमानपत्रावर सांडली. मोजून सात-आठ तारा तेवढ्या शाबूत. पुराचं पाणी थिंबलच्या तोंडातून तारांच्या मधल्या फटींतून वर चढलं होतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, आणि रबराच्या आत अडकून आठ-नऊ महिने निवांत तांबं खात बसलं होतं.

त्यांनी तेवढ्याच जाडीची नवी वायर कापली, दोन्हीकडे थिंबल नुसतं दाबून नाही तर दाबून वर कथील पण भरलं, गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चांदीसारखी पांढरी केली, बोल्ट आवळून वर ग्रीस फासलं. वायर, थिंबल, मजुरी धरून ३२० रुपये. क्लच केबल दुसऱ्या दिवशी वेगळी बदलली, ती साडेसहाशेला पडली.

जाता जाता जुन्या बॅटरीबद्दल. गाडी चालू असताना डायनेमोच्या (बॅटरी चार्ज करतो तो) बोल्टवर आणि त्याच्याच बॉडीवर मीटर लावला की १४.३, पण बॅटरीच्या खुंटांवर जेमतेम १३.१, हे मी त्याच रविवारी बघून ठेवलं होतं. डायनेमोचा करंट पण त्याच कुजक्या वायरीतून फिरायचा ना. म्हणजे ती जुनी बॅटरी बहुधा कधी पूर्ण भरतच नव्हती, आणि अकोट्याहून पूल ओलांडून दांडिया बाजार, तिथून परत, एसी फुल, एवढ्या छोट्या फेऱ्यांत ती अशीही भरली नसती. तेव्हा जानेवारीत बॅटरीवाल्याने वीक सांगितली ते खोटं नव्हतं, तिला वीक करणारा दुसराच होता. नवीन वायरीनंतर खुंटांवर १४.२ येतो. नवीन गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, त्यांत हा आकडा वरखाली दिसला तर लगेच घाबरू नका.

एक-दोन जणांनी विचारलं की आमची टकटक फक्त सकाळी होते, दिवसभर नाही. तर रात्री काहीतरी बॅटरी पितंय का बघा, डिकीचा लाइट, डॅशकॅम, बाहेरून बसवलेलं म्युझिक सिस्टिम. सगळं बंद करून, गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबून निगेटिव्ह वायरीच्या मधे मीटर अँपिअरवर लावला तर ५० मिलीअँपिअरच्या आत यायला हवा. मीटर अँपिअरवर असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो, हे मी केलेलं आहे. आणि ज्यांची टकटक फक्त लांबून आल्यावर, इंजिन तापलेलं असताना होते आणि वीस मिनिटांनी जाते, त्यांनी आधी सेल्फ आणि सोलेनॉइडकडे बघा.

वायर बदलून आता दोन महिने झाले, पाऊस पण सुरू झालाय, एकदाही टक नाही. निगेटिव्ह खुंट ते इंजिन परवाच परत मोजलं, सेल्फ मारताना ०.१. बॉडीकडे जाणारी ती दुसरी बारीक वायर मात्र जुनीच आहे, ती पण त्याच पाण्यात होती, तिचं थिंबल मुरगाळलं की किंचित करकर वाजतं. रविवारी काकांकडे परत जायचंय.